थ्री-डाय सेट, शिशाची गोळी आणि तिसऱ्या डायचा घोळ

आधीच सांगून टाकतो, वापरलेली काडतुसं परत भरायच्या ज्या डाय सेटचा हा रिव्ह्यू आहे तो माझ्या घरी नाही, माझ्या भाच्याच्या गराजमध्ये आहे, अ‍ॅरिझोनात फिनिक्सला. इथे पुण्यात घरी बसून काडतुसं भरायचा नाद कुणी करू नये, आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ आहे आणि लायसनशिवाय काडतूस बनवणं म्हणजे सरळ आत. तिकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं परत भरायला फेडरल लायसन लागत नाही, लोक राजरोस गराजमध्ये प्रेस ठोकून बसलेले असतात. त्यामुळे इथल्या लोकांनी हे एका टूलरूमवाल्याचं टूलबद्दलचं मत म्हणून वाचा, आणि तिकडे गेलेली आपली जी मंडळी या नादाला लागली आहेत (आहेत बरं का, वाटतात त्यापेक्षा जास्त) त्यांना प्रत्यक्ष कामाला येईल.

मी भोसरी एमआयडीसीत प्रेस टूलची कामं करतो, डाय-पंच हेच आयुष्य, म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेलो तेव्हा भाच्याने ग्रँड कॅनियन दाखवायच्या आधी मला गराज दाखवलं. सेट हाताळला, चालवला, आणि परत आल्यावर उरलेलं ट्रबलशूटिंग व्हिडिओ कॉलवर. तिकडे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे आपले सकाळचे सात तेव्हा त्याचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. माझा चहा आणि त्याचं "मामा, परत शिसं सोललं गेलं" एकदमच सुरू व्हायचं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. जी तक्रार आहे ती एका नगाची आहे, त्यावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि खरं सांगायचं तर यातला मोठा भाग कुठल्याही कंपनीच्या सेटला लागू आहे कारण सगळ्यांची रचना साधारण तीच. आटे पण सगळ्यांचे तेच, पाऊण इंचाच्या वरचे, सात-अष्टमांश व्यास आणि इंचाला १४ आटे, ली कंपनीची डाय आरसीबीएस कंपनीच्या प्रेसमध्ये बसते, हॉर्नडीची रेडिंगच्या शेजारी बसते. आपल्याकडे दोन प्रेसवाल्यांचे शँक एकमेकांना लागत नाहीत, तिकडे हे बघून बरं वाटलं.

सेट .३८ स्पेशलचा आहे. १८९८ सालचं जुनं रिव्हॉल्व्हरचं काडतूस, सरळ भिंतीचं, खाली कड असलेलं, नवशिक्याला शिकायला याच्यासारखं दुसरं नाही असं तिकडचे लोक म्हणतात आणि मला पटलं. तीन डाय येतात. पहिली केसचं (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं) तोंड-अंग परत मापात आणते आणि जुना प्रायमर (बार पेटवणारी बुडातली टिकली) ढकलून काढते, दुसरी तोंड जरासं उघडते, तिसरी गोळी बसवते आणि तोंड आत वळवून गोळीला पकडते. या शेवटच्या वळवण्याला क्रिंप म्हणतात.

पहिल्या डायबद्दल बोलायचं तर एक नंबर. आत कार्बाइडची रिंग आहे, त्यामुळे केसला वंगण लावायची कटकट नाही, पुसलेली केस टाका, हँडल ओढा, चकचकीत होऊन बाहेर. फिनिश बघून माझ्या ग्राइंडरवाल्याला फोटो पाठवला, तो म्हणाला "साहेब हे लॅप केलेलंय". हिच्याबद्दल एवढंच पुरे, हिने कधी त्रासच दिला नाही.

सगळं रामायण तिसऱ्या डायचं आहे, आणि त्याला जोड दुसरीची.

आता बघा, भाचा वापरतो त्या ओतलेल्या शिशाच्या गोळ्या. तो स्वतः ओतत नाही, विकत आणतो, १५८ ग्रेनच्या म्हणजे साधारण सव्वादहा ग्रॅमच्या, सेमी-वॉडकटर, पुढे सपाट टोक आणि बाजूला खांदा. ओतलेली गोळी मुद्दाम तांब्याचं जॅकेट असलेल्या गोळीपेक्षा एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग, मोठी ठेवतात, जॅकेटवाली ०.३५७ इंच तर ओतलेली ०.३५८, म्हणजे नळीत नीट भरून बसते आणि मागून गॅस निसटत नाही. एक थाऊ म्हणजे २५ मायक्रॉन, टूलरूममध्ये २५ मायक्रॉनवरून भांडणं होतात. त्यात ही मऊ. शुद्ध शिशाची कडकी ब्रिनेल ५ च्या आसपास, आणि ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी असं ते प्रसिद्ध लायमन नंबर टूचं मिश्रण घेतलं तरी १५ च्या आसपास. पितळेच्या धारेपुढे ते काय टिकणार. जॅकेटवाल्या गोळीबरोबर ज्या सेटिंगला काही होत नाही त्याच सेटिंगला शिशाची गोळी रडते, आणि डायच्या बरोबर येणारा कागद वाचून कुणालाही हे कळत नाही. या सेटच्या कागदात तर चित्रं एवढी बारीक की मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं, आणि सगळी भाषा अशी की जणू जगात सगळे जॅकेटवाल्याच गोळ्या भरतात. एक अर्धा मार्क तिथेच गेला.

पहिला आजार, शिसं सोललं जाणं. गोळी बसल्यावर केसच्या तोंडाशी शिशाची बारीक कडी निघते, कधी अंगठीसारखी अख्खी, कधी चुरा. भाच्याने सगळा दोष डायवर टाकला होता आणि रिटर्नचं लेबलसुद्धा प्रिंट करून ठेवलं होतं. मी म्हटलं थांब, आधी कुठे सोलतंय ते वेगळं कर. कारण दोन जागी सोलू शकतं. एक म्हणजे गोळी आत शिरतानाच, तोंड पुरेसं उघडलेलं नसलं किंवा केस कापल्यावर आतली बर (काठावर राहणारी धार) काढलेली नसली की पितळ रंध्यासारखं काम करतं. दुसरं म्हणजे शेवटी, क्रिंप वळत असताना गोळी अजून खाली सरकतेच आहे आणि तोंड तिच्या अंगात रुततंय. दोन्हीचा निकाल लावायची रीत सोपी आहे, डायची बॉडी एक आटा वर घ्यायची म्हणजे क्रिंपचा खांदा केसला शिवणारच नाही, आणि स्टेम (डायच्या मधला गोळी ढकलणारा दांडा) तेवढाच खाली करून नुसती गोळी बसवून बघायची. तरी सोललं तर दोष दुसऱ्या डायचा, उघडणं कमी पडतंय. नाही सोललं तर दोष क्रिंपच्या वेळेचा.

भाच्याचे दोन्ही होते! तोंड उघडायला तो घाबरत होता कारण कुठेतरी वाचलं होतं की जास्त उघडलं की पितळ लवकर फाटतं. वाचलं ते खरंय, पण म्हणून उघडायचंच नाही असं नाही ना. गोळी बोटाने तोंडावर ठेवल्यावर सरळ उभी राहिली, कलली नाही, आणि केस तिसऱ्या डायच्या तोंडात न घासता शिरली, की पुरे. याच्या मधली जागा फार छोटी नाही, हाताला कळते.

सेटमधली दुसरी डाय नुसता शंकू आहे, तोंड कर्ण्यासारखं उघडते. काम करते, नाही असं नाही, पण गोळी त्यात कुठल्याही बाजूला थोडी कलू शकते आणि मग तशीच तिरकी आत जाते, बाहेरून केसवर एका बाजूला फुगवटा दिसतो. यावर लायमनची ती एम-डाय फार हुशारीने केलेली आहे, तिच्या पंचला पायरी आहे, आधी गोळीच्या मापाला थोडा कमी असा सरळ भाग आणि वर गोळीपेक्षा किंचित मोठा छोटा भाग, त्यामुळे तोंडाशी छोटं बसकं घर तयार होतं आणि गोळी त्यात सरळ उभी राहते. प्रेस टूलवाल्याला लगेच कळेल, पायलट दिलाय. भाच्याने ती वेगळी घेतली आणि तिरक्या गोळ्यांचं प्रकरण तिथेच मिटलं. सेटवाल्यांनी स्वतःच असा पंच द्यायला काय हरकत होती कळत नाही, वाढीव खर्च किती आला असता.

आता तिसऱ्या डायकडे. हिचं दुखणं रचनेतच आहे, एकाच स्ट्रोकमध्ये दोन ऑपरेशन. कम्पाउंड टूल आम्हीपण करतो, पण तिथे ब्लँकिंग (आकार कापणं) आणि पिअर्सिंगचा (भोक पाडणं) क्रम पक्का असतो आणि पत्रा मधेच हलत नाही. इथे स्टेम गोळीला खाली ढकलतोय आणि त्याच वेळी बॉडीतला खांदा केसचं तोंड आत वळवतोय. जॅकेटवाली गोळी कडक असते, ती सहन करते. शिशाची गोळी मऊ, आणि वळणारं तोंड गोळीवरच्या क्रिंपच्या खाचेच्या खाली असतानाच वळायला लागलं की ते शिसं खरवडत खाचेपर्यंत येतं. मग कडी, चुरा, आणि वर गोळीचं माप पण बिघडलं.

उपाय? दोन कामं दोन वेळा करा. याच डायने होतं, नवीन काही घ्यायला नको. रॅम (प्रेसचा वरखाली होणारा दांडा) वर, त्यावरच्या शेल होल्डरमध्ये (केसची कड पकडणारा तुकडा) रिकामी केस, बॉडी खाली घेत जा जोवर खांदा केसच्या तोंडाला लागल्याचं हाताला कळत नाही, तिथून एक आटा उलटा. चेकनट लावा. आता स्टेमने सगळ्या गोळ्या बसवून घ्या, खाच केसच्या तोंडाशी येईपर्यंत. सगळी बॅच बसली की स्टेम पार वर घ्या म्हणजे गोळीला शिवणारच नाही, बॉडी परत खाली घ्या आणि फक्त क्रिंप. हँडल दुप्पट वेळा ओढावं लागतं, एवढाच तोटा.

आणि किती फिरवायचं याचं गणित टूलरूमवाल्याने करून ठेवावं. इंचाला १४ आटे म्हणजे एक पूर्ण फेरा १.८१ मिलिमीटर. पाव फेरा ०.४५. एक अष्टमांश ०.२३ च्या आतबाहेर. भाचा अर्धा-अर्धा फेरा फिरवून "काहीच फरक नाही, काहीच फरक नाही, अरे बापरे केस चेपली" असं करत होता, अर्धा फेरा म्हणजे जवळजवळ मिलिमीटर, क्रिंपच्या जगात तो डोंगर आहे. मी त्याला डायच्या डोक्यावर मार्करने रेघ मारायला लावली आणि एक अष्टमांशपेक्षा जास्त फिरवायची बंदी घातली.

क्रिंप जास्त झाल्याचं लक्षण म्हणजे तोंडाच्या जरा खाली केस फुगते, नजरेला नाही दिसलं तरी बोटाला लागतं, आणि मग ते काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये पूर्ण जात नाही, अंगठ्याने ढकलावं लागतं. लोकांना वाटतं जास्त आवळलं की जास्त पकड. उलटं होतं! पितळ दाबलं की थोडं परत येतं, स्प्रिंगबॅक, पत्र्यात काम करणाऱ्याला सांगायला नको. शिसं परत येत नाही. म्हणजे पितळाने शिशाला दाबून लहान केलं आणि स्वतः मागे हटलं, गोळी आत सैल. भाच्याच्या एका बॅचमधल्या गोळ्या बोटाने गोल फिरत होत्या आणि क्रिंप बघावं तर सगळ्यात जोरकस.

इथेच ती कार्बाइड रिंगवाली फॅक्टरी क्रिंप डाय येते, ली कंपनीची, बरेच जण डोळे झाकून चौथी म्हणून घेतात. ती क्रिंप करून झाल्यावर भरलेल्या काडतुसाचं बाहेरचं माप पण रिंगमधून काढून ठीक करते, जॅकेटवाल्याला चांगलं आहे, कुठलंही काडतूस चेंबरमध्ये जाणार याची खात्री. पण मुद्दाम एक थाऊ मोठ्या ठेवलेल्या शिशाच्या गोळीला तीच रिंग केसच्या आत दाबून बारीक करू शकते, आणि मग नळीत शिसं चढायला लागलं की लोक मिश्रधातूला शिव्या घालत बसतात. शिशासाठी मी तरी साधी, नुसती रोल क्रिंप (तोंड आत वळवणं) करणारी वेगळी डाय घ्या म्हणेन. भाच्याने तेच केलं. आता सेटमधली तिसरी फक्त बसवते, चौथी फक्त वळवते, दोन्हींची सेटिंग एकदा लावून चेकनट आवळलेले, परत हात लावायचा नाही.

केसची लांबी मोजायला मात्र आळस करू नका. .३८ स्पेशलची जास्तीत जास्त लांबी १.१५५ इंच, साधारण २९.३ मिलिमीटर. भाच्याकडे रेंजवरून गोळा केलेल्या पाच-सहा ब्रँडच्या केसेस एकत्र, व्हर्नियर लावला तर लांबीत चांगलाच फरक. डाय एकाच उंचीवर थांबते, मग लांब केसला क्रिंप जास्त, बुटक्या केसला नावापुरती. त्याला वाटत होतं डायचे आटे सैल आहेत! केसेस एका लांबीला कापून, आतून बाहेरून बर काढून घेतल्या आणि क्रिंप एकसारखी यायला लागली. डायचे आटे ठणठणीत होते.

पण पूर्ण काडतुसाची लांबी कमीजास्त येत असेल तर तो केसच्या लांबीचा दोष नाही हां, कारण स्टेमचं अंतर शेल होल्डरपासून ठरतं, केसचं तोंड कुठे आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तिथे स्टेम बघायचा. ओतलेल्या गोळीच्या खाचांमध्ये वंगण असतं, मधमाशांचं मेण आणि अलॉक्स निम्मंनिम्मं हे जुनं मिश्रण, आणि फिनिक्सच्या उन्हाळ्यात गराजमध्ये ते काय कडक राहतंय. प्रत्येक गोळीबरोबर थोडं वंगण आणि शिशाचा चुरा स्टेमच्या पोकळीत चिकटत जातो, थर वाढतो, आणि गोळ्या हळूहळू खोल बसायला लागतात. बॅचच्या सुरुवातीचं आणि शेवटचं काडतूस शेजारी ठेवलं की कळतं. ही गोष्ट नुसत्या दिसण्याची नाही, गोळी खोल गेली की पावडरला जागा कमी उरते आणि दाब वाढतो, म्हणून अधूनमधून मापत राहायचं आणि स्टेम काढून पुसायचा. या सेटचा स्टेम वरून हाताने उघडता येतो, पाना लागत नाही, हे फार आवडलं.

आवडलं नाही ते स्टेमच्या आतलं काम. पोकळीत टर्निंगच्या रेघा तशाच सोडल्यात आणि कड धारदार, जॅकेटवर उमटत नसेल पण शिशाच्या टोकावर गोल ठसा उमटतो. शिवाय पोकळीचा आकार गोल टोकाच्या गोळीचा आणि भाच्याची गोळी सपाट टोकाची, म्हणजे स्टेम फक्त कडेला टेकतो, गोळी डुलते. सपाट स्टेम त्या कंपनीकडे वेगळा मिळतो. तो येईपर्यंत तिकडच्या लोकांची जुनी युक्ती केली, गोळीच्या टोकाला मेण लावून स्टेममध्ये इपॉक्सी भरायचं आणि त्यात गोळी दाबून ठेवायची, वाळलं की त्या गोळीच्या नाकाचा हुबेहूब साचा. कड मी व्हिडिओवर बघत बघत त्याच्याकडून बारीक पॉलिश पेपरने मारून घेतली. हे काम माझ्याकडचा हेल्पर पण डिस्पॅचच्या आधी करतो, म्हणून इथे मार्क कापलेत.

हे सगळं सेटिंग करताना एक नियम मी त्याच्याकडून वदवून घेतला, सेटिंग नेहमी डमीवर, ना प्रायमर ना पावडर, नुसती केस आणि गोळी. बिघडलं तर हातोडीसारखा गोळी काढायचा जो प्लास्टिकचा पुलर येतो त्यात घालून आपटा, परत वापरा. पावडर किती, कुठली, ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं, मी त्यात पडत नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून तुम्हीपण पडू नका. हात धुवायचे, गराजमध्ये खायचं-प्यायचं नाही, शिसं आहे ते. आणि सुट्टीला पुण्याला येताना ती डमी "बाबांना दाखवायला" म्हणून बॅगेत टाकायची नाही, लोहगावला स्कॅनरवर काडतूस ते काडतूस, आत काय नाही हे सांगत बसाल आणि विमान जाईल.

शेवटची चाचणी त्याने बेन अ‍ॅव्हरीच्या रेंजवर केली, फिनिक्सच्या उत्तरेला मोठी सरकारी रेंज आहे. सहा भरायची, पाच झाडायची आणि सहाव्याची लांबी परत मोजायची. क्रिंप कच्ची असेल तर धक्क्याने गोळी पुढे सरकते आणि फारच सरकली तर सिलिंडर अडकतो. आमचं सहावं जिथे होतं तिथेच. नळीत शिसं पण जवळजवळ नाही, पूर्वी ब्रश मारून मारून खांदा दुखायचा म्हणे.

तर मार्क. पहिली डाय पाचपैकी पाच. दुसरी तीन, एम-डाय घेतलीत तर ती कपाटात जाईल. तिसरी नुसती बसवायला वापरली आणि स्टेम साफसूफ केला तर चार, कंपनी म्हणते तसं एका दमात दोन्ही कामं शिशाच्या गोळीवर करायला लावली तर दोन. जॅकेटवाल्याच गोळ्या भरणार असाल तर आहे तसा सेट घ्या, काही अडणार नाही. शिशाच्या भरणार असाल तर बजेट करतानाच वेगळी क्रिंप डाय धरा.

भाच्याला आता .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाचा सेट घ्यायचाय आणि यातलीच क्रिंप डाय "थोडी अ‍ॅडजस्ट करून" चालेल का विचारत होता. नाही चालणार. माप सोडाच, त्या काडतुसाला खाली बाहेर आलेली कड नाही, ते चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतं, तोंड आत वळवून टाकलंस तर टेकणार कशावर. तिथे टेपर क्रिंप लागते, तोंड नुसतं सरळ करणारी. ऑर्डर करायच्या आधी लिंक पाठव म्हटलंय.